मोबाईलवरचा आरोग्यवर्ग : गुण येतो की नाही, हे कसे तपासतात?

'नव्वद दिवसांत शुगर मुळापासून घालवा.' 'बीपीची गोळी कायमची बंद.' असे संदेश आता प्रत्येक वस्तीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात. सोबत कुणातरी काकांचे दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. काही वर्ग फुकट, काहींची फी हजारांत. या गर्दीत डॉक्टरांनी आणि विद्यापीठांनी मेहनतीने बांधलेले चांगले कार्यक्रमही असतात, पण वरून पाहता दोन्ही सारखेच दिसतात. शुगर-बीपीच्या रुग्णांच्या बैठकीला बसलो की आम्हाला हमखास विचारले जाते, "ताई, हे घेऊ का?"

कोणते ॲप चांगले, हे आम्ही इथे सांगणार नाही. ॲपची नावे सहा महिन्यांत बदलतात. असे कार्यक्रम लागू पडतात की नाही, हे जगात कसे तपासले गेले आणि त्यातून काय निघाले, ते सांगतो. तपासण्याची रीत एकदा कळली की पुढचे आपले आपल्याला ठरवता येते.

आधी एक साधा हिशेब. मधुमेह, रक्तदाब, दमा, सांधेदुखी, हृदयविकार हे आजार एकदा आले की मुक्कामाला राहतात. रुग्ण महिन्यातून एकदा ओपीडीत गेला आणि डॉक्टरांनी त्याला दहा मिनिटे दिली (एवढी मिळाली तर नशीब), तर वर्षाचे दोन तास झाले. वर्षाचे तास ८,७६०. उरलेल्या ८,७५८ तासांत काय खायचे, किती चालायचे, गोळी कधी घ्यायची, पाय बधिर झाला तर काय करायचे, हे सगळे रुग्ण एकटा ठरवतो. त्याला हे शिकवणार कोण? आजारपण स्वतः सांभाळायला शिकवणारे वर्ग या प्रश्नातून सुरू झाले.

यातले सर्वात जास्त तपासले गेलेले काम अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे. ते उभे करणाऱ्या केट लॉरिग मूळच्या नर्स. हे आम्ही जरा अभिमानानेच लिहितो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. शिकवायला डॉक्टर नव्हते. ज्यांना स्वतःला हा आजार आहे अशा साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे वर्ग सोपवला. वर्गाला येणाऱ्यांचे दुखणे कमी झाले. संशोधकांना वाटले, लोक व्यायाम करू लागले म्हणून दुखणे कमी झाले असणार. पण आकडे मांडले तेव्हा हा हिशेब जुळेना. ज्यांनी व्यायाम जास्त केला त्यांचेच दुखणे जास्त कमी झाले, असे दिसत नव्हते. मग गुण कशाने आला? शोध घेतल्यावर एक गोष्ट समोर आली. 'हे मला जमेल' असा ज्यांचा भरवसा वाढला होता, त्यांची तब्येत सुधारली होती. त्याच विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा या भरवशावर आधीपासून काम करत होते. तेव्हापासून हे वर्ग नुसती माहिती देण्यावर थांबत नाहीत, भरवसा वाढेल अशा रीतीने बांधले जातात.

भरवसा वाढवायचा म्हणजे पाठीवर हात ठेवून 'हिंमत ठेवा' म्हणायचे नाही. त्याला पद्धत आहे. दर आठवड्याला प्रत्येकाने एक छोटा बेत करायचा. तो स्वतःला हवासा वाटणारा असावा, डॉक्टरांनी किंवा सुनेने सांगितलेला नसावा. त्यात काय, किती, कधी आणि आठवड्यातून किती वेळा, हे चारही ठरलेले असावे. 'मी आता व्यायाम करीन' हा बेत होत नाही. 'मंगळवारी, गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी पाणी भरून झाले की विहारापासून बस थांब्यापर्यंत दोन फेऱ्या मारीन' हा बेत झाला. मग स्वतःलाच विचारायचे, हे जमेल याची खात्री दहापैकी किती? सातच्या खाली उत्तर आले तर बेत लहान करायचा. दोनऐवजी एक फेरी, तीनऐवजी दोन दिवस. पुढच्या आठवड्यात सर्वांसमोर सांगायचे, झाले की नाही. झाले नसेल तर गटातले लोक अडचण सोडवायला वाटा सुचवतात, रागावत नाहीत. अपयशाचा बोजा न वाढवता एक एक पायरी चढवायची ही रीत आम्ही आमच्या गटांत वापरतो. जी बाई पहिल्या बैठकीत 'माझ्याच्याने काही होत नाही' म्हणते, तिच्यासाठी सातचा हा आकडा फार कामाचा आहे.

आता मुख्य प्रश्न. वर्गाने गुण आला, हे ठरवायचे कसे?

फोटोवाल्या काकांचा पुरावा का चालत नाही, ते आधी पाहू. माणूस असा वर्ग कधी लावतो? शुगर तीनशेवर गेली, चक्कर आली, घरचे घाबरले, तेव्हा. म्हणजे आजार सर्वात वर चढलेला असताना. दीर्घ आजारात चढउतार असतातच. सर्वात वर असलेली गोष्ट काही दिवसांनी पुन्हा मोजली की बहुतेक वेळा थोडी खाली आलेली सापडते, वर्ग लावला तरी आणि न लावला तरी. त्याच काळात डॉक्टरांनी गोळी वाढवलेली असते, घरात साखर कमी आलेली असते. श्रेय मात्र ॲप घेऊन जाते. शिवाय फोटो गुण आलेल्याचाच छापतात. ज्या पन्नास जणांना काहीच फरक पडला नाही, त्यांचे फोटो कोण काढणार?

म्हणून दोन गट करावे लागतात. वर्गात यायला तयार असलेल्या सर्वांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या. निम्म्यांना वर्ग, निम्म्यांना नेहमीचा उपचार. चिठ्ठीच का? कारण लोकांना निवडू दिले तर शिकलेले, उत्साही आणि वेळ असलेले लोक वर्गात येतात, आणि थकलेले, दोन पाळ्या करणारे बाहेर राहतात. मग वर्गाचे लोक सुधारले तरी ते वर्गामुळे की मुळातच बऱ्या परिस्थितीमुळे, हे कळत नाही. चिठ्ठीला गरीब-श्रीमंत कळत नाही. दोन्ही गटांना सारखाच काळ जाऊ द्यायचा आणि मग मोजायचे. फरक उरला तर तो वर्गाचा.

ज्यांना वर्ग मिळाला नाही त्यांच्यावर अन्याय होतो, असे काही वाचकांना वाटेल. शंका रास्त आहे. बऱ्याच चाचण्यांत त्यांना प्रतीक्षा यादीत ठेवतात आणि मोजणी संपली की वर्ग देतात. २००२ साली छापलेल्या पाठदुखीच्या एका चाचणीत ५८० लोक होते. त्यांतल्या एका गटाला ईमेलवरची चर्चा, पुस्तक आणि व्हिडिओ मिळाला. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला त्याच्या आवडीच्या मासिकाची वर्गणी भरून दिली. अट एवढीच की मासिक आरोग्याचे नको!

दुसऱ्या गटाची गरज किती असते, याचे आपल्या देशातले उदाहरण ताजे आहे. हरयाणा आणि कर्नाटकातल्या ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांत रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांसाठी टॅब्लेटवरची एक प्रणाली आणली गेली. नर्स रुग्णाची माहिती टॅब्लेटवर भरायची, प्रणाली डॉक्टरांना उपचाराचा सल्ला द्यायची, रुग्णाला आठवणीचे संदेश जायचे. ही 'एमवेलकेअर' चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभराने या केंद्रांतल्या रुग्णांचा रक्तदाब आणि शुगर दोन्ही सुधारलेले होते. एवढेच पाहिले असते तर ढोल वाजले असते. पण ज्या केंद्रांत टॅब्लेट दिला नव्हता, फक्त नेहमीची सेवा जरा नीट केली होती, तिथले रुग्णही तितकेच सुधारले होते. दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. आम्हाला यातून वेगळीच गोष्ट दिसते. नर्स जागेवर असली, गोळ्या मिळाल्या आणि तपासणी वेळेवर झाली, तर यंत्राशिवायही सुधारणा होते. सरकारी दवाखान्यात रिकामी पदे भरायची की टॅब्लेट वाटायचे, हा वाद निघाला की ही चाचणी लक्षात ठेवावी.

स्टॅनफर्डच्या वर्गाची अशी चाचणी १९९९ मध्ये छापून आली. हृदयविकार, फुप्फुसाचे आजार, पक्षाघात किंवा संधिवात असलेले ९५२ रुग्ण त्यात होते. सहा महिन्यांनी वर्गातले लोक व्यायाम जास्त करत होते, डॉक्टरांशी मोकळे बोलत होते, थकवा आणि आजाराची धास्ती कमी झाली होती, दवाखान्यात भरती होण्याचे दिवसही कमी झाले होते. मात्र दुखणे आणि धाप यांत फरक पडला नव्हता, आणि हेही त्यांनी त्याच लेखात लिहिले. काय सुधारले नाही, हे जो सांगतो त्याच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मग प्रश्न आला, वर्गाला येऊच न शकणाऱ्यांचे काय? ज्याला जिना उतरवत नाही, जी म्हाताऱ्या सासूला सोडून निघू शकत नाही, ज्याचे गाव लांब आहे. त्यांच्यासाठी तोच वर्ग इंटरनेटवर नेला. सहा आठवडे चालणारा, साधारण पंचवीस जणांचा गट. चालवायला दोन प्रशिक्षित माणसे, तीही डॉक्टर नसलेली. ठरावीक वेळी हजर राहण्याची अट नाही. आठवड्यातून तीनेक वेळा, सवड मिळेल तेव्हा, रात्री बारालासुद्धा यायचे, त्या आठवड्याचा धडा वाचायचा, आपला बेत लिहायचा, दुसऱ्याच्या अडचणीवर उत्तर द्यायचे. ही चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात ९५८ रुग्ण होते. वर्षभराने वर्गातल्या लोकांची तब्येत दुसऱ्या गटापेक्षा बरी होती, आणि समोरासमोरच्या वर्गात जेवढा गुण दिसला होता साधारण तेवढाच इथेही दिसला. सहा महिन्यांपर्यंत ज्यांचा 'जमेल' हा भरवसा वाढला, त्यांचीच वर्षाअखेर तब्येत जास्त सुधारलेली होती. जुनीच गोष्ट पुन्हा खरी ठरली.

पण या ९५८ जणांत होते कोण? बहुतेक गोरे, बऱ्यापैकी शिकलेले, घरात संगणक असलेले. अशा लोकांत लागू पडलेली गोष्ट झोपडपट्टीत लागू पडेलच, असे कुणी म्हणू नये. संशोधकांनाही हे दिसत होते. स्पॅनिश बोलणाऱ्या कष्टकरी लोकांसाठी त्यांनी वेगळा वर्ग बांधला होता, त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्या खाण्यापिण्याला धरून. ५५१ लोकांवरच्या त्याच्या चाचणीचे निकाल २००३ मध्ये आले, तेही चांगले होते. मग मधुमेहाचा इंटरनेट वर्ग तपासताना ७६१ लोकांत अमेरिकेतले आदिवासी आणि अलास्काचे मूळ रहिवासी मुद्दाम घेतले, ११० जण. पिढ्यान्‌पिढ्या जमीन हिसकावून घेतली गेलेला हा समाज, आणि मधुमेहाचा मार त्यांच्यावर फार मोठा.

२०१० मध्ये आलेले या चाचणीचे निकाल नीट वाचण्यासारखे आहेत. सहा महिन्यांनी वर्गातल्या लोकांची तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, दुसऱ्या गटापेक्षा थोडी कमी झाली. ज्यांची सुरुवातीला सातच्या वर होती त्यांची जास्त कमी झाली. भरवसा वाढला. आदिवासी सहभागींत आजाराची धास्ती कमी झाली आणि रोजच्या कामातल्या अडचणीही घटल्या. बाकीच्या सवयींत मात्र फरक दिसला नाही. वर्ग संपल्यावर काही जणांना ईमेलवरून पाठपुरावा चालू ठेवला होता, त्याचाही जास्तीचा फायदा झाला नाही. दीड वर्षाने भरवसा टिकून होता, पण तेव्हा एचबीएवनसी मोजलेली नव्हती. म्हणजे उपयोग झाला, बेताचा झाला, आणि 'मुळापासून घालवा' असले त्यात काहीही नव्हते.

इंग्लंडच्या सरकारने हाच वर्ग २००१ नंतर देशभर नेला. तिथली ६२९ रुग्णांवरची चाचणी २००७ मध्ये आली. लोकांचा भरवसा वाढला, उत्साह थोडा वाढला, पण डॉक्टरांकडच्या नेहमीच्या फेऱ्या कमी झाल्या नाहीत. वर्ग घेतले की सरकारचा दवाखान्यावरचा खर्च वाचेल, ही आशा फारशी पुरी झाली नाही. आपल्याकडे कुणी 'रुग्णाने स्वतःच सांभाळावे' असे म्हणत उपकेंद्राला कुलूप लावायला निघाले, तर त्याला हा आकडा दाखवावा.

तपासणाऱ्यांनाही तपासावे लागते. जगभरच्या चाचण्या एकत्र मांडून निष्कर्ष काढणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे. तिच्यातर्फे २००४ मध्ये संगणकावरच्या अशा कार्यक्रमांचा आढावा निघाला. त्याचा निष्कर्ष धक्कादायक होता. या कार्यक्रमांनी रुग्णांचे ज्ञान वाढते, पण तब्येत उलट बिघडते! वर्तमानपत्रांत बातम्या झळकल्या. पुढे लक्षात आले की आकडेमोडीतच चूक झाली होती. आढावा मागे घेतला गेला आणि दुरुस्त करून पुन्हा आला. चोवीस चाचण्या आणि ३,७३९ रुग्णांचा नीट हिशेब केल्यावर तब्येतीवरचा परिणाम चांगल्या बाजूला होता. शास्त्राची ताकद इथेच आहे, चूक झाली तर ती छापून दुरुस्त केली जाते. व्हॉट्सॲपवरच्या किती संदेशांची अशी दुरुस्ती तुमच्याकडे आली?

ऑनलाइन वर्गांचे एक खास दुखणे म्हणजे गळती. समोरासमोरच्या वर्गातून उठून जायला माणूस लाजतो. मोबाईलवर नुसते बोट हलवले की सुटका. समजा, शंभर जणांनी वर्ग सुरू केला, साठ मधेच गळाले आणि उरलेल्या चाळीसांपैकी तीस जण सुधारले. जाहिरात म्हणेल, 'पंचाहत्तर टक्के यश!' खरा हिशेब शंभरांवर तीसचा, आणि तोही दुसऱ्या गटाशी ताडून पाहायचा. चांगल्या चाचणीत चिठ्ठीत ज्याचे नाव निघाले तो शेवटपर्यंत हिशेबात धरला जातो, तो एकच दिवस येऊन गेलेला असला तरी. गुंथर आयझेनबाख या संशोधकाने २००५ मध्ये या गळतीवरच स्वतंत्र लेख लिहिला. कितीजण गळाले आणि कधी गळाले, हेच कार्यक्रमाबद्दल खूप काही सांगते, असा त्याचा रोख होता.

साध्या फोनवरही काम होते, हे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने दाखवले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांपैकी निम्म्यांना दोन वर्षे खाण्याबद्दल आणि चालण्याबद्दल एसएमएस पाठवले. दोन वर्षांत एसएमएस मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना. हे निकाल २०१३ चे. स्मार्टफोन नाही, ॲप नाही, फी नाही. यात बाई मात्र एकही नव्हती. धुणीभांडी करणारी, बांधकामावर जाणारी, शेतमजूर बाई अशा चाचण्यांत केव्हा मोजली जाणार, हा आमचा प्रश्न आहे.

तिच्या घरात फोन एकच असतो, तोही मुलाच्या खिशात. तिच्या आजाराची आठवण त्याच्या मित्रांसमोर वाजते. ॲप नाव, आडनाव, गाव, आजार, गोळ्या सगळे विचारते आणि ते पुढे कुठे जाते ते सांगत नाही. आडनाव आणि गाव कळले की आपल्या देशात आणखी काय काय कळते, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको.

तेव्हा कुणी वस्तीत कार्यक्रम घेऊन आले तर त्याला बसवून चहा द्या आणि विचारा. तुमच्या वर्गाची तुलना कुणाशी केली? सुरू किती जणांनी केले, शेवटपर्यंत किती राहिले? त्यात आमच्यासारखे लोक किती होते? काय मोजले, आणि किती महिन्यांनी? चाचणीचा खर्च कुणी केला? माहिती कुणाकडे जाते? उत्तरादाखल तो पुन्हा फोटोच दाखवू लागला तर चहावर निरोप द्या. आणि गोळी किंवा इन्सुलिन बंद करायला सांगत असेल तर चहाही देऊ नका. इन्सुलिनवरच्या रुग्णाने ते अचानक सोडले तर काही दिवसांतच जिवावर बेतू शकते. आम्ही वर सांगितलेल्या कोणत्याही वर्गात औषध सोडायला शिकवत नाहीत. औषध नीट कसे घ्यायचे आणि त्याबद्दल डॉक्टरांशी कसे बोलायचे, हेच शिकवतात.

वर्ग लावलाच तर स्वतःची वही ठेवा. सुरू करण्यापूर्वी एचबीएवनसी करा आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा. या तपासणीला उपाशीपोटी जावे लागत नाही. एक गोष्ट मात्र डॉक्टरांना आधी सांगा. विदर्भात, आदिवासी समाजांत आणि आपल्या समाजातही सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. सिकलसेलच्या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीएवनसी खऱ्या शुगरपेक्षा कमी दिसू शकते. उलट, लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर ती जास्त दिसू शकते. अशा वेळी कागदावरचा आकडा पाहून वर्गाने गुण आला किंवा गेला, असे समजू नका. बोट टोचून केलेल्या शुगरच्या नोंदी उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या अशा दोन्ही ठेवा, आणि तीच वही ओपीडीत डॉक्टरांसमोर उघडा.